फॅटी लिव्हरसाठी वजनाची शस्त्रक्रिया: सांगलीतून निघण्याआधी आणि परत आल्यावर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय. सकाळी दहाला बसलो की संध्याकाळपर्यंत उठणं नाही. सौदे चालू असले की दिवसाला सात-आठ चहा, त्यासोबत भडंग. घरात माळ आहे, दारूचा थेंब कधी शिवला नाही. त्यामुळे 'लिव्हरला चरबी आहे' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रिपोर्ट दुसऱ्याचा आला असेल असंच वाटलं. रिपोर्ट माझाच होता. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ११२ किलो, सोबत आठ वर्षांचा मधुमेह.

वजन उतरावं म्हणून पोटावर करतात ती शस्त्रक्रिया मी पुण्यात करून घेतली, तिला आता सव्वा वर्ष झालं. या काळात यार्डातल्या आणि पाहुण्यांतल्या बऱ्याच जणांनी तेच तेच प्रश्न विचारले, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही. औषधं आणि त्यांचे डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्यायचे. पण कुठल्या दारात आधी जायचं, कुठला कागद मागून घ्यायचा, कुठे फसायला होतं, हे मला महागात पडून कळलं. तुम्हाला ते आधी कळावं.

१. सोनोग्राफीतल्या 'ग्रेड'वर थांबू नका

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर ग्रेड १', 'ग्रेड २' असं लिहिलेलं असतं. ती ग्रेड यकृत पडद्यावर किती पांढरट दिसतं, म्हणजे चरबी अंदाजे किती आहे, एवढंच सांगते. यकृत किती कडक झालंय, त्यात व्रण किती पडलेत, हे तिच्यातून कळत नाही. धोका मात्र त्या व्रणांमध्ये असतो. आधी चरबी, मग सूज, मग व्रण म्हणजे फायब्रोसिस, आणि शेवटी सिरोसिस, असा हा प्रवास आहे. फायब्रोसिसचे टप्पे एफ० ते एफ४ असे मोजतात, एफ४ म्हणजे सिरोसिस. ग्रेड १ असलेल्या माणसालाही एफ३ असू शकतो. माझ्या रिपोर्टवर चार वर्षं 'ग्रेड २' येत होतं आणि मी 'वाढलं नाही ना, मग ठीक आहे' म्हणत फाइल कपाटात ठेवत होतो.

घरी बसून करता येईल असा एक हिशेब आहे, त्याला फिब-४ म्हणतात. रक्ताच्या साध्या तपासणीतून तीन आकडे लागतात: एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढतात ते दोन पदार्थ), आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी). वयाला एसजीओटीने गुणायचं. एसजीपीटीचं वर्गमूळ काढून त्याला प्लेटलेटच्या आकड्याने (हजारांत) गुणायचं. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचं. माझं असं होतं: वय ४६, एसजीओटी ६२, एसजीपीटी ८१, प्लेटलेट २ लाख १० हजार म्हणजे २१०. ४६ गुणिले ६२ म्हणजे २८५२. ८१ चं वर्गमूळ ९, नऊ गुणिले २१० म्हणजे १८९०. भागाकार १.५१.

उत्तर १.३ च्या खाली आलं तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेलं तर यकृताच्या डॉक्टरांकडे लगेच जायचं. मधे आलं तर पुढची तपासणी हवीच. पासष्टीच्या पुढे खालची मर्यादा २ धरतात. तरुण माणसांत हा हिशेब नीट लागू पडत नाही, पस्तिशीच्या आतले असाल तर त्यावर विसंबू नका.

पुढची तपासणी म्हणजे फायब्रोस्कॅन. सोनोग्राफीसारखीच, बरगडीवर यंत्र टेकवून करतात, दुखत नाही. किमान तीन तास पोट रिकामं हवं. भरल्या पोटी केली तर आकडा खोटा वाढतो. रिपोर्टवर दोन आकडे येतात. 'कॅप' म्हणजे चरबी, आणि 'केपीए' म्हणजे कडकपणा. तुम्ही केपीए बघा. ८ च्या खाली असेल तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी, १२ च्या वर काळजीचं. माझा ११.२ आला. मशीनवाल्याला आधीच विचारून घ्या, की जाड माणसांसाठीचा वेगळा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) आहे का. पोट मोठं असेल तर साध्या प्रोबने आकडा नीट मिळत नाही.

२. आधी यकृताचे डॉक्टर, मग सर्जन

मी उलटं केलं. एका जाहिरातीवरून थेट वजनाच्या शस्त्रक्रियेच्या दवाखान्यात गेलो. तिथे माझं वजन झालं, पोटाचा घेर मोजला गेला, किती किलो उतरतील हे सांगितलं गेलं. यकृताबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. पुढे मिरजेला पोटविकार तज्ज्ञांना दाखवलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी फायब्रोस्कॅन लिहून दिला. मिरज १८९४ पासूनचं दवाखान्यांचं गाव, तपासण्यांसाठी पुण्या-मुंबईला धावायची फारशी गरज पडत नाही.

हा क्रम का महत्त्वाचा, तर यकृत कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर शस्त्रक्रिया करायची की नाही, कुठली करायची आणि कुठे करायची हे ठरतं. सुरुवातीचा सिरोसिस असेल तर अनुभवी केंद्रात विचारपूर्वक करतात. पण पोटात पाणी झालंय, कावीळ आहे, रक्ताची उलटी होऊन गेलीय, अशा यकृतावर ही शस्त्रक्रिया जिवावर बेतू शकते. सिरोसिसची शंका असेल तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का, हे दुर्बिणीने आधी बघतात. हिपॅटायटिस बी आणि सी च्या तपासण्याही याच टप्प्यावर होऊन जातात.

रिपोर्टवरच्या नावांनी गोंधळू नका. २०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं. जुन्या कागदावर 'एनएएफएलडी' असेल, नव्यावर 'एमएएसएलडी'. आजार तोच.

३. आपण यात बसतो का?

फक्त फॅटी लिव्हर आहे म्हणून ही शस्त्रक्रिया करत नाहीत. वजनाचा निकष लागतो, यकृताला होणारा फायदा त्याच्यासोबत येतो. तो निकष म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन. तो काढायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. माझा ३९.७ होता. आपल्याकडे अनेक वर्षं ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर, असा निकष धरला जायचा. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ही रेषा २७.५ पर्यंत खाली आणली, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी आणि मधुमेह येतो.

त्याआधी साध्या मार्गाने प्रामाणिक प्रयत्न झालेला हवा. वजन ५ टक्के उतरलं तरी यकृतातली चरबी हटते. सूज जायला ७ ते १० टक्के लागतात, आणि व्रण मागे सरकायला १० टक्के किंवा जास्त. माझ्यासाठी ते ११ किलो होते. आमराईत रोज सकाळी चालून मी दोन वेळा सहा-सहा किलो उतरवले, आणि दोन्ही वेळा हळदीच्या हंगामात ते परत आले. आता इंजेक्शनांचाही मार्ग आहे. सेमाग्लुटाइड आणि तिर्झेपटाइड २०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी मिळतात. ती तुम्हाला चालतील का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. शस्त्रक्रिया हा पहिला दरवाजा नाही.

मग मी का केली? माझ्या डॉक्टरांनी दोन अभ्यास समजावून सांगितले. रोममध्ये २८८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वर्षभराने शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५६-५७ टक्के लोकांची यकृताची सूज, व्रण न वाढता, पूर्ण गेली होती. फक्त आहार-व्यायाम केलेल्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं. फ्रान्समधल्या लील शहरातल्या रुग्णांत पाच वर्षांनी ८४ टक्के लोकांची सूज गेलेली आणि ७० टक्के लोकांचे व्रण कमी झालेले दिसले. धोकाही त्यांनी लपवला नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ६५० जणांपैकी चौघे पहिल्या वर्षात शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतीने गेले. हा आकडा बायकोला आणि आईला सांगूनच मी निर्णय घेतला. आई म्हणाली होती, "आरं, चांगलं पोट कशाला कापून घेतोयस?" तिला पोटाचं नको, यकृताचं सांगावं लागलं. फायब्रोस्कॅनचा कागद समोर ठेवला तेव्हा ती गप्प बसली, मग म्हणाली, "जा. पण मी संगट येणार."

४. काढे, चूर्णं, कॅप्सूल आजच बंद

हे मी हळदीच्या गावात बसून लिहितोय, तेव्हा नीट वाचा. आमटी-भाजीतली हळद खुशाल खा. पण 'लिव्हर साफ करणाऱ्या' हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, विशेषतः मिऱ्याचा अर्क घातलेल्या, यकृताला इजा करू शकतात आणि तशा नोंदी झालेल्या आहेत. कोरोनाच्या काळात गुळवेलीचे काढे घेतल्यावर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. मला यार्डात तीन जणांनी तीन वेगळी चूर्णं आणून दिली होती. प्रेमाने दिली होती, म्हणून मी दोन महिने घेतलीही. त्या दोन महिन्यांत एसजीपीटी वाढलं, आणि ते आजाराने वाढलं की चुर्णाने, हे कळायला आणखी दीड महिना गेला. जे काही घेत असाल ते सगळं डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवा.

तंबाखूही बंद, किमान सहा आठवडे आधीपासून. आपल्या भागात बायका मिश्री लावतात आणि 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला 'नाही' म्हणतात. मिश्री म्हणजे तंबाखूच. शस्त्रक्रियेत जठर आतड्याला जोडतात, त्या जोडावर तिने अल्सर होतो. घरातल्या बाईची शस्त्रक्रिया असेल तर हा प्रश्न तुम्ही स्वतः, मायेनं विचारा.

५. कुठली शस्त्रक्रिया?

मुख्य प्रकार दोन. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा थोडा जास्तच काढून टाकतात, उरते केळ्यासारखी नळी. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही पोटाला छोटी छिद्रं पाडून, दुर्बिणीनेच. रोमच्या अभ्यासात यकृतासाठी दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा होता, त्यामुळे निवड बाकीच्या गोष्टींवर ठरते. जुनी ॲसिडिटी, छातीत जळजळ असेल तर स्लीव्हनंतर ती वाढू शकते. मधुमेह जास्त असेल तर बायपासकडे कल असतो. मला दोन्ही होतं, म्हणून बायपास. यकृत जास्त खराब असेल तर बरेच डॉक्टर स्लीव्ह पसंत करतात.

सर्जनना हे चार प्रश्न विचाराच: यकृताचे डॉक्टर तुमच्या टीममध्ये आहेत का? शस्त्रक्रियेच्या वेळी यकृताचा छोटा तुकडा तपासणीला घ्याल का? गुंतागुंत झाली तर त्याचा खर्च पॅकेजमध्ये आहे का? स्टेपलरचे (जठर कापून शिवायच्या उपकरणाचे) पैसे वेगळे लावणार का? दुसऱ्या प्रश्नाचं मोल मला नंतर कळलं. बायोप्सीत एफ३ निघाला. नेमका टप्पा त्या तुकड्यानेच सांगितला.

६. विम्याचा अर्ज

इथे माझा सव्वा महिना गेला. आरोग्य विम्याच्या नियमांत वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी अट अशी असते: वय १८ च्या वर, बीएमआय ४० किंवा जास्त. किंवा ३५ च्या वर आणि सोबत या चारपैकी एक: लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह. आणि साध्या उपायांनी वजन उतरलं नाही याचा पुरावा.

यादी पुन्हा वाचा. त्यात फॅटी लिव्हर नाही. माझ्या पहिल्या पत्रात डॉक्टरांनी फक्त 'लठ्ठपणा आणि फॅटी लिव्हर' लिहिलं होतं, आणि अर्ज परत आला. दुसऱ्या पत्रात बीएमआय ३९.७, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.१, दोन वर्षांच्या मधुमेहाच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि आहारतज्ज्ञांच्या नोंदी जोडल्या, तेव्हा मंजूर झाला. खोटं काहीच लिहायचं नाही. जे खरं आहे ते पूर्ण लिहून घ्यायचं. पॉलिसी घेताना मधुमेह लपवला असेल तर मात्र इथे अडचण येते, आणि नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

फाइलमध्ये काय हवं

- आधार, पॅन, विम्याचं कार्ड आणि पूर्ण पॉलिसी (नुसतं कार्ड चालत नाही)
- उंची, वजन, बीएमआय लिहिलेलं डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र
- फायब्रोस्कॅन, सोनोग्राफी, लिव्हर फंक्शन, प्लेटलेट, हिपॅटायटिसचे रिपोर्ट
- एचबीए१सी, थायरॉइड, जीवनसत्त्व बी१२ आणि डी, लोह
- दुर्बिणीची तपासणी. बायपासनंतर जुनं जठर साध्या दुर्बिणीने दिसत नाही, म्हणून ही आधीच
- ईसीजी, टू-डी इको, घोरत असाल तर झोपेची तपासणी
- चालू औषधांची यादी, तुमच्याच अक्षरात
- आधी वजन उतरवायचे केलेले प्रयत्न, तारखांसह

सगळ्याच्या दोन झेरॉक्स. मूळ रिपोर्ट कुणालाही देऊन टाकू नका.

७. आधीचे पंधरा दिवस

चरबीने फुगलेल्या यकृताचा डावा भाग जठरावर येऊन बसलेला असतो. तो बाजूला सारल्याशिवाय सर्जनना जठर गाठता येत नाही. म्हणून दोन आठवडे कमी उष्मांकाचा, जास्त प्रथिनांचा, जवळपास पातळ आहार देतात. तेवढ्यात यकृत खरोखर आकसतं. 'शेवटचं खाऊन घे' म्हणून या दिवसांत पाहुणे जेवायला बोलावतात. जाऊ नका. मला भाचीच्या साखरपुड्याला नाही म्हणावं लागलं, ताई आठ दिवस बोलली नाही.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी होताच साखर खाली घसरते. डोस कमी कसा करायचा हे पहिल्याच दिवशी विचारून कागदावर लिहून घ्या, आणि ग्लुकोमीटर घरात ठेवा.

८. दवाखान्यातले दिवस, आणि सांगलीला परत

त्याच संध्याकाळी उठवून चालवतात. दुखतं, पण चाला, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते असतं. मला चौथ्या दिवशी सोडलं.

पुण्याहून सांगली सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. लगेच निघू नका. आम्ही तिथेच नातेवाइकांकडे आठ दिवस राहिलो, आणि परतताना दर तासाला गाडी थांबवून चाललो. निघायच्या आधी एक काम नक्की करा: सांगली-मिरजेतला एक सर्जन गाठून, 'रात्री त्रास झाला तर तुमच्याकडे येईन' असं बोलून ठेवा आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत त्यांना द्या. तुमचा पोटाचा नकाशा बदललेला असतो, रात्रपाळीच्या डॉक्टरांना तो ओळखता येणार नाही.

नाडी १२० च्या वर, ताप, वाढत जाणारं पोटदुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, पिंढरीला सूज, किंवा पाणीही न टिकणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

९. खाणं

साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. लहान स्टीलची वाटी, चहाचा चमचा, ३० मिलिलिटरचं माप, मिक्सर आणि स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा, एवढी हत्यारं पुरतात. सुरुवातीला गाळलेलं ताक, मुगाचं कढण, वरणाचं पाणी. जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचं अंतर.

शाकाहारी माणसाची खरी परीक्षा प्रथिनांची. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात आणि पोटात मावतं मूठभर. म्हणून प्रत्येक जेवणात आधी पनीर, चक्का, डाळ, आणि भाकरी शेवटी, राहिली जागा तर. १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅम मिळतात, कपभर दुधातून सात-आठ. पहिले तीन-चार महिने प्रथिनांच्या पावडरीशिवाय माझं भागलं नाही. सोयाबीन आपल्या शिवारात पिकतं, त्याच्या वड्या भिजवून वाटून आमटीत घातल्या की कळतही नाहीत.

गोडाचा धडा मला साताऱ्याच्या लग्नात मिळाला. चौथा महिना, हातावर कंदी पेढा ठेवला गेला, नाही म्हणवलं नाही. वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा, मंडपाच्या मागे तासभर आडवा पडून होतो. बायपासनंतर साखर सरळ आतड्यात उतरते म्हणून असं होतं. गूळ, उसाचा रस, बेदाणे, सगळ्याला तेच लागू.

सतत उलट्या होत असतील तर 'होईल कमी' म्हणून बसू नका. शरीरातलं जीवनसत्त्व बी१ संपतं आणि मेंदूवर परिणाम होतो. अंगदुखीची दुकानातून आणलेली गोळी नको, जोडावर अल्सर होतो, डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. दारू यकृतासाठी वर्ज्य आहेच, आणि बायपासनंतर ती पटकन चढते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी मला सहा महिने गोळी होती. आणि बायकांसाठी: शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नाहीत.

१०. काट्यापेक्षा यकृत मोजा

तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्याला आणि पुढे दरवर्षी रक्त तपासायचं: लिव्हर फंक्शन, हिमोग्लोबिन, लोह, बी१२, डी, कॅल्शियम. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. वजन उतरलं, साखर सुटली की लोक गोळ्याही सोडतात आणि दोन वर्षांनी हातापायाला मुंग्या घेऊन येतात. पहिल्या काही महिन्यांत एसजीपीटी थोडं वाढलेलं दिसू शकतं. मला तिसऱ्या महिन्यात दिसलं आणि रात्रभर झोप नव्हती. सहाव्या महिन्यात ते खाली आलं. तरी असा आकडा दिसला की फोन करून सांगायचाच, कारण फार झपाट्याने वजन जाणं आणि प्रथिनं कमी पडणं यकृताला झेपत नाही.

बाराव्या महिन्यात मिरजेला त्याच मशीनवर, तसंच तीन तास उपाशी राहून, फायब्रोस्कॅन केला. वजन ७९ किलो होतं, पण रिपोर्ट हातात आल्यावर मी आधी केपीए बघितला. ६.४. डॉक्टर म्हणाले, एफ३ होता हे विसरायचं नाही, दरवर्षी यायचं. पुढची तारीख पेढीच्या कॅलेंडरवर हळदीच्या सौद्यांच्या तारखांशेजारीच लिहून ठेवलीय. थोरल्या मुलाचं पोट सुटायला लागलंय, वय सतरा. या वेळी त्याचंही एसजीपीटी करून घेणार आहे.